प्रार्थनेचा अधिकार : पंडिता रमाबाई आणि केडगावचे १९०५

१/
लढायांची वर्णने बखरींत मिळतात, सनदा दप्तरखान्यांत मिळतात, नाणी तराजूत तोलता येतात. गुडघे टेकून बसलेल्या एखाद्या अनाथ मुलीच्या प्रार्थनेचा पुरावा मात्र कुठे शोधायचा? आजचा धागा याच अवघड प्रश्नावर आहे. विषय आहे ख्रिस्ती जीवनातील प्रार्थनेचे सामर्थ्य आणि स्थळ आहे पुणे जिल्ह्यातील केडगाव. साल १९०५. या वर्षी तेथे जे घडले त्याचे पडसाद दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत उमटले. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र त्याला एक ओळही मिळालेली नाही.

२/
प्रथम एक मर्यादा स्पष्ट करू. देव प्रार्थना ऐकतो का, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. त्याचा निवाडा इतिहासकाराच्या हाती नाही आणि त्याने तो करूही नये. पण एक प्रश्न त्याच्या अखत्यारीत निश्चित येतो : प्रार्थना करणाऱ्या माणसांचे पुढे काय झाले? त्यांच्या बोलण्यात, वागण्यात, त्यांच्या समाजातील स्थानात काय बदलले? याची साधने उपलब्ध आहेत. पत्रे आहेत, अहवाल आहेत, आत्मनिवेदने आहेत, विरोधकांचे अग्रलेख आहेत. त्यांच्याच आधाराने आपण पुढे जाऊ.

३/
ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे केवळ मागणे, असा अनेकांचा समज असतो. चर्चच्या परंपरेत तिची अनेक अंगे आहेत. देवाची स्तुती, स्वतःच्या दोषांची कबुली म्हणजे पापांगीकार, मिळाल्याबद्दल उपकारस्मरण, स्वतःसाठी विनंती आणि इतरांसाठी केलेली मध्यस्थी. येशूने शिष्यांना शिकवलेल्या ‘प्रभूच्या प्रार्थने’त रोजच्या भाकरीची मागणी आहे, पण तिच्याआधी देवाची इच्छा पूर्ण व्हावी अशी याचना आहे. हा क्रम ध्यानात ठेवा. पुढे त्याचा संबंध येणार आहे.

४/
आणखी एक गोष्ट. ख्रिस्ती शिकवणुकीत देवाला ‘पिता’ म्हणून हाक मारायची असते. लेकराला बापाशी बोलायला ना मुहूर्त लागतो, ना विशिष्ट भाषा, ना कुळ. प्रत्यक्षातील चर्चने हे तत्त्व नेहमी पाळले असे नाही. तेथेही पद, वंश, लिंग यांच्या भिंती उभ्या राहिल्याच. पण तत्त्व म्हणून ते शिल्लक होते. एका मराठी स्त्रीने ते शब्दशः खरे मानले, आणि आपली कथा तेथून सुरू होते.

५/
रमाबाई डोंगरे. जन्म २३ एप्रिल १८५८, सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात. वडील अनंतशास्त्री मोठे संस्कृत पंडित. बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला होता. पुढे हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरू लागले. देवळात किंवा घाटावर बसायचे, पुराण वाचायचे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करायचा. लहानग्या रमेचे बालपण असे सतत मंत्र, स्तोत्रे, व्रते आणि उपवास यांच्या सहवासात गेले. प्रार्थना तिला परकी नव्हती. प्रार्थनेतच ती वाढली होती.

६/
१८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. गाठीचा पैसा संपला. भीक मागणे किंवा अंगमेहनत करणे पंडिताच्या प्रतिष्ठेला मानवणारे नव्हते. कुटुंबाने अनुष्ठाने केली, देवस्थानांना उरलेसुरले दान दिले, रात्रंदिवस जप केला. पुढे १८९७ साली रमाबाईंनी आपले दुष्काळानुभव लिहिले. पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढलेल्या अकरा दिवसांची हकिकत त्यांत आहे. आई, वडील आणि बहीण गेले. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास.

७/
हा प्रसंग येथे मुद्दाम सांगितला. प्रार्थनेच्या सामर्थ्याविषयी पुढे जगभर जिचे नाव झाले, त्या स्त्रीने प्रार्थना निरुत्तर राहण्याचा अनुभव ऐन तारुण्यात घेतला होता. प्रार्थना म्हणजे देवाशी केलेला सौदा असे मानले, तर तो सौदा तिच्या डोळ्यांदेखत फसला होता. म्हणूनच तिच्या पुढील आयुष्यातील प्रार्थनेला भाबडेपणाचे लेबल लावणे सोपे नाही.

८/
१८७८ साली ही बहीणभावंडे कलकत्त्याला पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. याच शहरात ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हाती वेदाची एक प्रत ठेवली. रमाबाई संकोचल्या. पुराणे, काव्य, व्याकरण त्यांना मुखोद्गत होते. पण स्त्रीला वेदाचा अधिकार नाही, असेच त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या.

९/
‘अधिकार’ हा शब्द या धाग्याची किल्ली आहे. पवित्र शब्द कोणी उच्चारायचे, देवासमोर कोणी उभे राहायचे, कोणाचे बोलणे वर पोहोचते, याचे उत्तर समाज ठरवत असे. भक्तिपरंपरेने हे कुंपण मोडण्याचा मोठा प्रयत्न केला होता. दळता-कांडता विठ्ठलाशी बोलणारी जनाबाई आणि गुरू तुकोबांचा ध्यास घेतलेली बहिणाबाई या महाराष्ट्राच्याच लेकी. तरीही एकोणिसाव्या शतकातील उच्चवर्णीय घरातल्या विधवेला शुभकार्यात पाऊल टाकण्याचीही मुभा नव्हती. तिचे दर्शनच अशुभ मानले जाई. जिचे असणेच अशुभ, तिची प्रार्थना शुभ कशी ठरावी?

१०/
रमाबाई स्वतः याच वाटेने गेल्या. १८८० साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी आंतरजातीय विवाह केला. १८८२ मध्ये पतीचे निधन झाले. पदरी छोटी मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला, ‘स्त्री धर्मनीति’ लिहिले आणि १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुण्यात खळबळ उडाली.

११/
पण इंग्लंडमधील धर्मगुरूंनाही ही बाई पूर्णपणे मानवली नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचण्याजोगा आहे. चर्चचे सिद्धान्त वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून मान्य करावेत, असा आग्रह एका बाजूला. माझ्या सदसद्विवेकाला पटेल तेच मानीन, हा रमाबाईंचा बाणा दुसऱ्या बाजूला. एका पुरोहितशाहीतून निघून दुसरीच्या हाती स्वतःला सोपवण्याची त्यांची तयारी नव्हती. देव आणि आपण यांच्यामध्ये कोणी कारभारी असू नये, ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही.

१२/
११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू झाले. उच्चवर्णीय विधवांसाठी निवासी शाळा. बालविधवा गोदूबाई येथील अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. १८९३ साली त्यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर यांच्यासारखे सुधारक सदनाचे सल्लागार होते. धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल, असे आश्वासन होते. १८९० साली सदन पुण्यात आले आणि तेथे संघर्ष पेटला. निमित्त होते एका खोलीच्या दाराचे.

१३/
रमाबाई आपल्या खोलीत रोज बायबल वाचत आणि मनोरमेसह प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या. रमाबाईंचे म्हणणे असे : मी कोणाला बोलावत नाही, हिंदू मुलींना त्यांच्या खोलीत पूजा करण्याची मोकळीक आहे, तशी मला माझ्या खोलीत प्रार्थनेची आहे, आणि येणाऱ्याला हाकलण्यासाठी मी दार लावून घेणार नाही. टीकाकारांचे म्हणणेही वजनदार होते : पालकांनी विश्वासाने मुली ठेवल्या आहेत, त्या अल्पवयीन व आश्रित आहेत, त्यांच्यावर संस्थाचालिकेच्या आचरणाचा प्रभाव पडणारच. ‘केसरी’ने हा प्रश्न लावून धरला.

१४/
१८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. वीसहून अधिक मुली सदनातून काढून नेण्यात आल्या. हा वाद आज वाचताना दोन्ही बाजूंचे ऐकले पाहिजे. आश्रिताची निवड कितपत मुक्त असते, हा प्रश्न आजच्या वसतिगृहांपर्यंत जिवंत आहे. पण आणखी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. एवढे मोठे वादळ उठले ते कशावरून? एका विधवेच्या प्रार्थनेवरून. पुण्यातील सर्व पक्षांना, सुधारकांना आणि सनातन्यांना, एक गोष्ट मान्य होती : त्या उघड्या दारात काहीतरी सामर्थ्य आहे.

१५/
१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपल्या घरच्या दुष्काळाची आठवण ताजी असलेल्या रमाबाई तिकडे धावल्या. भुकेने हाडांचे सापळे झालेल्या, दलालांच्या हाती पडण्याच्या बेतात असलेल्या शेकडो मुलींना त्यांनी आणले. पण पुण्यात प्लेग होता. एवढ्या मुली शहरात ठेवण्यास परवानगी मिळेना. तेव्हा पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगावच्या शेतजमिनीवर झोपड्या उभ्या राहिल्या. हेच पुढचे ‘मुक्ति सदन’. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दीड हजाराच्या वर गेली.

१६/
याच १८९७ साली प्लेगच्या सरकारी रुग्णालयात स्त्रियांची जी आबाळ आणि बेअब्रू होत होती, तिच्यावर रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये कडक पत्र लिहिले. मुंबई सरकारची पंचाईत झाली आणि प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत गेले. प्रार्थना माणसाला निष्क्रिय करते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. रमाबाईंच्या बाबतीत तो टिकत नाही. देवापुढे गुडघे टेकणारी ही बाई गव्हर्नरपुढे मात्र ताठ उभी होती.

१७/
पोटे भरायची कशी? रमाबाईंवर ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांच्या चरित्राचा प्रभाव होता. म्यूलर यांनी हजारो अनाथांचा सांभाळ कोणाकडे वर्गणी न मागता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर केला, अशी त्यांची ख्याती. हे भारतात शक्य आहे का, असा विचार करून रमाबाईंनी तोच मार्ग धरला. इतिहासकाराने येथे यंत्रणाही पाहावी. ‘मुक्ति प्रेयर बेल’ हे इंग्रजी पत्रक परदेशी मित्रांकडे जाई. त्यात सदनाची हकिकत आणि प्रार्थनेचे विषय असत. वाचणारे प्रार्थना करीत, आणि प्रार्थना करणाऱ्याचा हात खिशाकडेही जाई. मध्यस्थीच्या प्रार्थनेतून असे जगभर पसरलेले आपलेपणाचे जाळे विणले गेले.

१८/
सदन प्रार्थनेइतकेच श्रमावर चालत होते. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा, छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी निघाले होते. मुक्तीत मात्र दुष्काळाने जातीपातींची उतरंडच मोडून टाकली. अनेक जातींच्या, अनेक बोलींच्या, आपले मूळ गावही न सांगता येणाऱ्या मुली एका पंगतीत जेवत होत्या आणि एकाच प्रार्थनेला बसत होत्या.

१९/
आता १९०५. वेल्समध्ये १९०४ च्या अखेरीस धार्मिक जागृतीची लाट उसळली होती. मराठी ख्रिस्ती समाज अशा जागृतीला ‘संजीवन’ म्हणतो : मरगळलेल्या श्रद्धेत पुन्हा प्राण येणे. १९०५ च्या प्रारंभी ती लाट आसामातील खासी टेकड्यांत पोहोचली. त्याच सुमारास रमाबाईंनी केडगावात एक खास प्रार्थनामंडळ सुरू केले. सुरुवातीला सुमारे सत्तर जणी रोज सकाळी जमत. विषय दोन : आपल्यासह सर्व भारतीय ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन आणि सर्व देशांतील ख्रिस्ती लोकांवर पवित्र आत्म्याचा वर्षाव. सहा महिने हा क्रम चालला. मंडळातील संख्या वाढत शेकड्यांत गेली.

२०/
जूनच्या अखेरीस बांध फुटला. मुली ढसाढसा रडत आपले अपराध कबूल करू लागल्या, मोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करू लागल्या. वर्ग थांबले. एका मुलीला आपल्या अंगात अग्नी संचारल्याचा अनुभव आला, आणि ते पाहून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकिकत तत्कालीन वृत्तान्तांत आहे. बायबलमधील पवित्र आत्म्याच्या अग्नीच्या प्रतिमेशी तिचा संबंध जोडला गेला. हे सारे अनुभव कसे समजावेत, यावर मतभेद होते आणि राहतील. मनोविज्ञानाचा अभ्यासक एक सांगेल, भाविक दुसरे. आपण काय बदलले ते पाहू.

२१/
पहिला बदल आवाजाचा. मिशनरी शाळांतील प्रार्थना म्हणजे एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचे. येथे शेकडो मुली एकाच वेळी, प्रत्येक जण आपापल्या शब्दांत, बोलत होती. पाहुण्या पाश्चात्त्यांना हा गोंगाट वाटला. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. भारतीय माणसाचा स्वभाव वेगळा आहे, त्याच्या भावना व्यक्त होण्याची रीत वेगळी आहे. त्याला पाश्चात्त्य शिस्तीच्या साच्यात कोंबू नका, असा त्यांचा आशय होता. जिला घरात, गावात, दुष्काळी छावणीत कोणी विचारले नव्हते, ती मुलगी आता थेट विश्वाच्या नियंत्याशी, कोणाचीही परवानगी न घेता, बोलत होती. अधिकाराचे कुंपण कोसळले ते या क्षणी.

२२/
दुसरा बदल दिशेचा. स्वतःच्या भुकेने ज्यांची सुरुवात झाली, त्या मुली आता इतरांसाठी मध्यस्थी करू लागल्या. व्यक्तींच्या नावांच्या याद्या करून रोज त्यांच्यासाठी प्रार्थना केली जाई. ‘प्रार्थनापथके’ तयार झाली. तरुण स्त्रिया गटागटाने आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. सामाजिक इतिहासाच्या नजरेने पाहा : काल जी दयेचा विषय होती, ती आज दुसऱ्याचा भार उचलते आहे. घेणारी देणारी झाली. ख्रिस्ती परंपरा मध्यस्थीला एवढे महत्त्व का देते, याचे याहून बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल.

२३/
तिसरा बदल नकाशावर दिसतो. मुक्तीतील अमेरिकन सहकारी मिनी अब्राम्स यांनी १९०६ साली या जागृतीवर एक पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर कृष्णवर्णीय उपदेशक विल्यम सेमूर यांच्या नेतृत्वाखाली प्रसिद्ध जागृती झाली. पेंटेकॉस्टल चळवळीचा उगम सहसा तेथे दाखवतात. पण केडगाव त्याआधीचे. अब्राम्स यांची पुस्तिका चिलीतील वाल्परायसो येथे त्यांच्या जुन्या मैत्रिणीला, मे हूवर यांना, मिळाली. तेथे १९०९ साली जागृती झाली आणि चिलीतील पेंटेकॉस्टल मंडळ्या तिच्यातून उभ्या राहिल्या.

२४/
म्हणजे दौंड मार्गावरच्या एका शेतात दुष्काळग्रस्त मुलींनी केलेल्या प्रार्थनेची वार्ता दोन महासागर ओलांडून गेली. ‘पश्चिमेकडून पूर्वेकडे’ हा मिशनरी इतिहासाचा ठरलेला बाण येथे उलटा फिरतो. विशेष म्हणजे रमाबाईंनी चमत्कृतींचा बडेजाव केला नाही. अनोळखी भाषांत बोलण्याचे दान त्यांनी नाकारले नाही, पण ते प्रत्येकाला मिळालेच पाहिजे असेही मानले नाही. पवित्र आत्म्याची खरी खूण म्हणजे प्रीती, अशी त्यांची भूमिका होती.

२५/
आता विदर्भाकडे वळू. ज्या १९०५ साली केडगावात हे घडत होते, त्याच वर्षी वऱ्हाडातील वणी जिल्ह्याला ‘यवतमाळ’ हे नाव मिळाले. आजचा झरी जामणी तालुका त्याच मुलखाच्या आग्नेय टोकाला, पैनगंगेच्या काठी, तेलंगणाच्या सीमेवर आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळाचे चटके वऱ्हाडालाही बसले होते. अचलपूर भागात कोरकू समाजात काम केलेले आल्बर्ट नॉर्टन पुढे रमाबाईंच्या सूचनेवरून दौंडला अनाथ मुलग्यांचे वसतिगृह चालवू लागले. वऱ्हाड आणि केडगाव यांना जोडणारा हा एक धागा.

२६/
यवतमाळ परिसरात फ्री मेथडिस्ट मिशनने काम केले. पांढरकवड्याजवळील उमरीचे ख्रिस्ती रुग्णालय या भागात सर्वांना ठाऊक आहे. १९५३ साली यवतमाळ शहरात ‘युनियन बिब्लिकल सेमिनरी’ स्थापन झाली. देशभरातील पाळक येथे शिकले. १९८३ साली ती पुण्याला हलली. पण ख्रिस्ती प्रार्थनेला मोठ्या इमारतीची अट नाही. दोघे-तिघे जमले तरी पुरे, ही येशूची शिकवण. म्हणून गावोगावी विखुरलेल्या कुटुंबांचा समाज घरातील प्रार्थनासभेवर टिकू शकतो.

२७/
रमाबाईंची अखेर सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. हेतू हा, की शाळेत फार न शिकलेल्या बाईलाही ते कळावे. मुक्तीतील मुली छापखान्यात खिळे जुळवीत. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. एकुलती एक लेक, तीच उत्तराधिकारी. तिच्यासाठी आईने प्रार्थना केली नसेल काय? बालपणीच्या दुष्काळानंतर निरुत्तर प्रार्थनेशी ही दुसरी गाठ होती. रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली नाही. मुद्रितांचे काम पुरे होईपर्यंत आयुष्य मिळावे, अशी त्यांनी प्रार्थना केली, असे चरित्रांतून सांगितले जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

२८/
तिसऱ्या भागातील ‘प्रभूच्या प्रार्थने’चा क्रम आठवा : आधी देवाची इच्छा, मग भाकर. गंगामूळच्या रमेची प्रार्थना भाकरीसाठी होती आणि भाकर मिळाली नाही. केडगावच्या रमाबाईंची प्रार्थना माणसे बदलावीत यासाठी होती, आणि तिची सुरुवात ‘आपल्यासह’ या शब्दाने होत होती. ख्रिस्ती जीवनात प्रार्थनेचे सामर्थ्य म्हणतात ते येथे दिसते. परिस्थिती हटेल किंवा हटणार नाही. परिस्थितीपुढे उभा राहणारा माणूस मात्र दुसराच होतो.

२९/
साधनांविषयी एक सावधगिरी. मुक्तीतील मुलींविषयी जे लिहिले गेले, ते बहुतांशी रमाबाई आणि मिशनरी यांनी लिहिले. मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांच्या संशोधनाने रमाबाईंना इतिहासात त्यांचे स्थान परत मिळवून दिले. त्या सत्तर मुलींची नावे मात्र आपल्या पुस्तकांत अजून यायची आहेत. ज्यांनी देवाशी बोलण्याचा अधिकार मिळवला, त्यांना इतिहासाशी बोलण्याचा अधिकार मिळणे बाकी आहे.

३०/
तरुण मित्रांनो, हे काम तुमचे. तुमच्या तालुक्यात जुने चर्च असेल तर तेथील बाप्तिस्मा-नोंदवह्या, हाताने लिहिलेल्या गीतांच्या वह्या, प्रार्थनासभांची जुनी टिपणे पाहण्याची रीतसर परवानगी मागा. वयोवृद्ध स्त्रियांना विचारा, की त्यांच्या आजीने प्रार्थना कोणत्या बोलीत केली, वऱ्हाडीत, गोंडीत, कोलामीत की तेलुगूत? कोणासाठी केली? त्यांची परवानगी घेऊन ती उत्तरे लिहून ठेवा. दप्तरखान्यांत न सापडणारा इतिहास अशा स्मरणांत सापडतो, आणि तो सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.